सहा गठ्ठे आणि एक कपाट

पाटसच्या पंचक्रोशीतील एका शाळेत मी विज्ञान शिकवतो. शिक्षक-खोलीत माझ्या वाट्याला एक लोखंडी कपाट आलेले आहे. काही वर्षांपूर्वी त्याचे दार पूर्ण उघडत नसे. उघडले तर आतले काहीतरी पायावर पडे. जुन्या उत्तरपत्रिका, प्रशिक्षणांच्या पुस्तिका, परिपत्रकांच्या झेरॉक्स, बंद पडलेले व्होल्टमीटर, कोणीतरी ठेवायला दिलेली आणि परत न नेलेली पिशवी असे सारे त्यात होते.

त्याच काळात माझीही अवस्था काहीशी तशीच होती. पगार मिळत होता, मुले चांगली होती, पण सकाळी फाटकाशी आले की पाय जड होत. बदलीचा अर्ज पडून होता. नोकरी सोडणे परवडणारे नव्हते. काही नवे करावे म्हटले, तर ‘आधी हातातले संपवू’ असे वाटे आणि हातातले कधी संपत नसे. हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना असेल.

‘पसारा आवरा, मन हलके होईल,’ हा उपदेश घरोघरी ऐकू येतो. पण विज्ञानाच्या शिक्षकाने विचारायला हवे, की हे खरे आहे का आणि असल्यास कसे?

पसारा म्हणजे काय?

वस्तू पुष्कळ असणे म्हणजे पसारा नव्हे. किराणा दुकानात हजारो वस्तू असतात, पण दुकानदार डोळे मिटून जिरे काढून देतो. ज्या वस्तूचे काय करायचे हे ठरलेले नाही, तिचा पसारा होतो. कपाटातील प्रत्येक कागद म्हणजे पुढे ढकललेला एक निर्णय असतो.

अशा ढिगाकडे पाहताना मेंदूत काय होते? डोळ्यांसमोर एकाच वेळी अनेक वस्तू आल्या, की मेंदूच्या दृष्टिकेंद्रात त्यांची आपापसात स्पर्धा लागते. एकीकडे लक्ष द्यायचे तर बाकीच्यांना दाबून ठेवावे लागते आणि त्यासाठी श्रम पडतात. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाच्या दोन संशोधिकांनी २०११ साली दाखवले, की त्याच वस्तू गटागटाने मांडलेल्या दिसल्या तर ही स्पर्धा कमी होते. म्हणजे सर्व काही फेकून देण्याची गरज नाही. गट पाडले तरी भार उतरतो.

हे वर्गात सहज करून पाहता येईल. फळे, धातू, नद्या आणि पक्षी यांची प्रत्येकी ६ नावे एका कागदावर विखरून लिहा. दुसऱ्या कागदावर तशीच दुसरी २४ नावे गट पाडून लिहा. प्रत्येक कागदावरील एक नाव शोधायला मुलांना किती सेकंद लागतात ते मोजा. मोजण्यापूर्वी अंदाज लिहून घ्यायला विसरू नका.

दुसरी गोष्ट अर्धवट कामांची. १९२०च्या दशकात बर्लिनमध्ये मानसशास्त्राच्या दोन विद्यार्थिनींनी यावर प्रयोग केले. अर्धवट कामे जास्त लक्षात राहतात, असा निष्कर्ष ब्लुमा झाइगार्निक यांनी १९२७ साली मांडला. तो पुढच्या प्रयोगांत नेहमी टिकला नाही. मारिया ओव्सियांकिना यांनी १९२८ साली मांडलेला निष्कर्ष मात्र अधिक भक्कम ठरला. अडवलेले काम संधी मिळताच माणूस आपणहून पुन्हा हाती घेतो, असे त्यांना आढळले होते. अर्धवट काम आपल्याला ओढत असते. ही ओढ कमी करण्यासाठी ते काम पूर्णच करावे लागते, असे नाही. ‘हे केव्हा, कोठे आणि कसे करायचे’ एवढे नेमके ठरवले, तरी त्याचे विचार मध्ये मध्ये येणे कमी होते, असे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले.

शेजारच्या जिल्ह्यातील धडा

ठरवणे म्हणजे काय, याचे उत्तम उदाहरण आपल्या जवळच आहे. दौंडहून मनमाडकडे जाणारी गाडी भीमा ओलांडते, की आपण त्या वेळच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात शिरतो. १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात तेथे अनिलकुमार लखिना जिल्हाधिकारी होते. फायलींच्या ढिगाऱ्यात हरवलेल्या कार्यालयात त्यांनी दप्तराची आणि टेबलांवरील कामाची फेरमांडणी केली. हा प्रयोग ‘लखिना पॅटर्न’ म्हणून राज्यभर ओळखला गेला. पुढे २०१७ साली पुणे विभागाचे तत्कालीन आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी ‘झिरो पेंडन्सी’ मोहीम राबवली. तिचाही पाया दप्तर लावणे हाच होता.

सरकारी कार्यालयांत यासाठी ‘सहा गठ्ठे पद्धत’ वापरतात. टेबलावरील प्रत्येक कागद सहापैकी एका गठ्ठ्यात गेलाच पाहिजे : आपल्याला काम करायची प्रकरणे, दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहणारी, म्हणजे प्रतीक्षाधीन प्रकरणे, ठरावीक मुदतीने पाठवायची विवरणे, कायम लागणारे स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे कागद, आणि नष्ट करायचे कागद.

यातील युक्ती ध्यानात घ्या. कागद कोणाचा किंवा कोठून आला, यावरून हे गठ्ठे पडत नाहीत. ‘याचे आता काय करायचे?’ या एकाच प्रश्नावरून ते पडतात. त्यातही पहिल्या दोन गठ्ठ्यांतील फरक सर्वांत मोलाचा आहे. एक आपल्या हातातला आणि दुसरा इतरांच्या हातातला.

हतबलता कशी येते?

हा फरक महत्त्वाचा का, हे समजण्यासाठी एका जुन्या प्रयोगाकडे वळू. १९६७ साली मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांना विजेचे धक्के दिले. आज असा प्रयोग सहजासहजी मान्य होणार नाही. एका गटाला कळ दाबून धक्का थांबवता येई. दुसऱ्या गटाला तेवढेच धक्के बसत, पण ते थांबवणे त्याच्या हातात नसे. नंतर दोन्ही गटांना अशा पेटीत ठेवले, की मधला अडसर ओलांडला म्हणजे सुटका. पहिला गट पटकन शिकला. दुसऱ्या गटातील बहुतेक कुत्री जागीच बसून राहिली. ‘आपल्या हातात काही नाही’ हे ती शिकली, असे संशोधकांनी म्हटले.

सुमारे ५० वर्षांनी, २०१६ साली, याच दोघांनी आपला सिद्धान्त उलटा केला. उंदरांच्या मेंदूच्या अभ्यासावरून दिसले, की दीर्घ त्रासात गप्प होणे ही मेंदूची मूळचीच प्रतिक्रिया आहे. ती शिकावी लागत नाही. शिकावे लागते ते ‘माझ्या करण्याने फरक पडतो’ हे. ते कळले, की मेंदूचा पुढचा भाग त्या मूळ प्रतिक्रियेला आवर घालतो. शिवाय एकदा ताब्याचा अनुभव आलेला प्राणी पुढच्या अडचणीतही सहसा हतबल होत नाही.

उंदीर म्हणजे शिक्षक नव्हे, हे खरे. तरीही यातून एक दिशा मिळते. बदली, वेतनश्रेणी, वरून येणारी कामे यांवर आपला ताबा नसतो. दिवसभर त्यांचाच विचार केला, तर गप्प बसण्याची प्रतिक्रिया बळावते. कपाटाचा एक कप्पा मात्र आपल्या ताब्यात असतो. तो आवरल्याने बदली होणार नाही, पण ‘मी केले आणि झाले’ हा अनुभव तेथे मिळतो.

मुक्काम ठरवून

संत तुकाराम महाराजांची पालखी दरवर्षी वरवंडहून पाटसला येते, रोटी घाट चढते आणि उंडवडी गवळ्याचीकडे जाते. वारकऱ्याला पंढरपूर एका दिवसात गाठायचे नसते. आजचा मुक्काम ठरलेला असतो आणि ओझे खांद्याला झेपेल एवढेच असते.

सवयीचेही असेच आहे. लंडनमधील एका अभ्यासात ९६ जणांनी रोज ठरलेल्या प्रसंगी एक छोटी कृती केली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षानुसार, कृती अंगवळणी पडायला लागलेल्या काळाचा मध्यक ६६ दिवस होता. मात्र व्यक्तीनुसार हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही. म्हणून ‘२१ दिवसांत सवय’ यावर विसंबू नये आणि एक दिवस बुडाला म्हणून सोडूनही देऊ नये.

मी ठरवले ते एवढेच : शनिवारी सकाळची शाळा सुटली, की अर्धा तास एक कप्पा. सहा गठ्ठे. एक दक्षता मात्र घ्यावी. शाळेचे जनरल रजिस्टर कायम जपायचे असते, इतर दप्तरालाही मुदती ठरलेल्या असतात. शाळेचा कोणताही कागद मुख्याध्यापकांना विचारल्याशिवाय नष्ट करू नये.

तिसऱ्या कप्प्यात एक वही सापडली. ११ वर्षांपूर्वी नववीच्या मुलांनी गावातल्या विहिरींचे पाणी सारख्या मापाने आटवून, मागे उरलेला पांढरा क्षार तोलून लिहून ठेवला होता. उसाला पाणी सतत आणि निचरा कमी, अशा जमिनीत क्षार वर येतात. हे मुलांनी स्वतः मोजायला घेतले होते. चार विहिरी झाल्या होत्या, बाकीच्या राहिल्या होत्या. ती वही मी पहिल्या गठ्ठ्यात ठेवली.

कपाट रिकामे झाल्यावर शनिवारचा तोच अर्धा तास विहिरींना मिळाला. सवय तयार होतीच, फक्त काम बदलले. आता सातवी-आठवीची मुलेही बाटल्या घेऊन येतात.

सगळ्यांचे ओझे कपाट आवरून उतरेल, असे मी म्हणणार नाही. काम खरोखरच जास्त असेल, तर ते मिळून मांडावे लागते. काही आठवडे झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, तर डॉक्टरांना भेटावे. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावरही बोलता येते.

माझी बदली अजून झालेली नाही. तो अर्ज दुसऱ्या गठ्ठ्यात, प्रतीक्षाधीन प्रकरणांत आहे. तीन महिन्यांतून एकदा तो काढतो, एक स्मरणपत्र पाठवतो आणि परत ठेवून देतो.