धर्मगुरू रोज येत नाहीत, त्या गावची ख्रिस्तसभा

सिल्वासा येथील चर्चची घंटा रांधा गावात ऐकू येत नाही. मध्ये शेते आहेत, पाडे आहेत, आणि आता कारखान्यांची घरघरही आहे. रांध्याचे नाव आम्ही येथे उदाहरणादाखल घेतले आहे. दादरा व नगर हवेलीत आणि शेजारच्या ठाणे-पालघरच्या डोंगरपट्टीत अशी पुष्कळ गावे आहेत, की जेथे धर्मगुरू रोज येऊ शकत नाहीत. अशा गावी कॅथॉलिक कुटुंबे दोन असोत वा वीस, त्यांस कोणी विचारले, "तुमचे चर्च कोठे आहे?" तर हात सहजच सिल्वासाच्या दिशेने वर होतो. हे उत्तर खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे, असे आम्हांस नम्रपणे सांगावयाचे आहे.

चर्च म्हणजे भिंती, वेदी आणि पाद्री एवढेच जर आपण मानले, तर घंटा जेथवर ऐकू येते तेथवरच ख्रिस्तसभा पोहोचली, असे म्हणावे लागेल. मग रांध्यातील आजाऱ्याच्या खाटेपाशी कोण जाणार? तेथल्या मुलांना क्रुसाची खूण कोण शिकविणार? मरणाच्या घटकेस प्रार्थना कोण म्हणणार? "फादर येतील तेव्हा पाहू," असे म्हणून ही कामे पुढे ढकलली, की हळूहळू श्रद्धाही पुढे ढकलली जाते. ती केव्हा नाहीशी झाली, हे घरच्या माणसांस कळतही नाही.

या बाबतीत आपणांस मार्ग दाखविणारा एक संत आपल्याच महाधर्मप्रांताने दिला आहे. दादरा व नगर हवेलीतील कॅथॉलिक हे गोवा व दमण महाधर्मप्रांताची लेकरे होत, आणि या महाधर्मप्रांताचे भूषण म्हणजे संत जोसेफ वाझ. त्यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी गोव्यात बाणावली येथे झाला; त्यांच्या घराण्याचे गाव सांकवाळ. १६७६ साली त्यांस गुरुदीक्षा मिळाली. त्यांचे नाव आपण ऐकतो, १६ जानेवारीस त्यांचा सणही पाळतो. परंतु त्यांच्या कार्यातील जो भाग आपल्या खेड्यापाड्यांस सर्वांत जवळचा आहे, तो मात्र फारसा सांगितला जात नाही.

त्या काळी सिलोनात, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, मोठे संकट ओढवले होते. १६५८ साली डचांनी पोर्तुगीजांचा तेथील अखेरचा आधार जिंकून घेतला. कॅथॉलिक धर्मगुरूंस घालवून देण्यात आले, कॅथॉलिक उपासनेस बंदी झाली आणि धर्मगुरूंस आसरा देणे हा गुन्हा ठरला. राजाश्रय गेला, पाद्री गेले, देवळे दुसऱ्यांच्या हाती गेली. जवळजवळ तीस वर्षे तेथील कॅथॉलिक रयत मेंढपाळावाचून राहिली. ही वार्ता ऐकून फादर वाझ अस्वस्थ झाले. कोणा राजाचे पाठबळ न घेता, मजुराच्या वेशात, सोबतीस जॉन नावाचा एक सेवक घेऊन ते निघाले आणि १६८७ साली जाफन्यास पोहोचले. प्रवासात ते आजारी पडून मरणाच्या दारी गेले होते. जरा बरे होताच त्यांनी गळ्यात जपमाळ घातली आणि दारोदार भिक्षा मागत हिंडू लागले. माळ पाहून ज्याच्या डोळ्यांत ओळख उमटेल, तो आपला माणूस, हे त्यांनी ताडले होते.

येथे वाचकांनी क्षणभर थांबावे, अशी आमची विनंती आहे. तीस वर्षे धर्मगुरू नव्हते, तरी माळ ओळखणारी माणसे त्यांस भेटली! ती कोणी टिकविली? कोणा बिशपांनी नव्हे, कोणा राजाने नव्हे. घराघरांतील आयाबायांनी, वडीलधाऱ्यांनी आणि गावोगावच्या प्रापंचिक पुढाऱ्यांनी ती टिकविली. अंधार पडल्यावर दार लावून म्हटलेली माळ, तान्ह्या बाळाच्या कपाळी काढलेला क्रूस, आजीने नातवास शिकविलेली "आमच्या स्वर्गीय बापा" ही प्रार्थना, अशा लहान लहान गोष्टींच्या आधारावर तेथील ख्रिस्तसभा उभी होती.

फादर वाझ यांनी हे बळ ओळखले आणि त्यास नीट घडी घालून दिली. गावोगाव कॅथॉलिकांमध्ये दोन प्रकारचे सेवक असत. एकास 'मुप्पू' म्हणत. तो समाजाचा वडील, चर्चच्या कामकाजाची व मालमत्तेची काळजी वाहणारा. दुसऱ्यास 'अण्णावी' म्हणत. तो प्रार्थना चालवी, मुलांस धर्मशिक्षण देई, मरणोन्मुखाजवळ बसे आणि जीव धोक्यात असेल तर बाप्तिस्माही देई. फादर वाझ रात्रीबेरात्री एका गावाहून दुसऱ्या गावास जात, पापनिवेदन ऐकत, मिस्सा अर्पण करीत आणि उजाडण्यापूर्वी निघून जात. पण ते गेल्यावर गाव रिकामे होत नसे. अण्णावी असे, मुप्पू असे, आणि त्यांच्या पाठीशी सारे गाव असे. धर्मगुरू येत आणि जात. ख्रिस्तसभा तेथेच असे.

आपल्या मुलखाच्या इतिहासातही याच्याशी थोडे साम्य आहे. नगर हवेली १७८३ साली आणि दादरा १७८५ साली पोर्तुगीजांच्या ताब्यात आले. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये हा मुलूख मुक्त झाला आणि ११ ऑगस्ट १९६१ रोजी भारतात विधिवत सामील झाला. येथे छळ झाला नाही, देवळांची दारे उघडीच राहिली. ही देवाची व आपल्या देशाच्या राज्यघटनेची कृपा होय. परंतु राजाश्रयाचा काळ संपला आणि श्रद्धा आपल्या स्वतःच्या पायांवर उभी राहिली, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच. आता ती चालवावयाची कोणी? ज्यांनी बाप्तिस्मा घेतला आहे, त्या सर्वांनी.

हे काही आमचे नवे मत नव्हे. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १८ नोव्हेंबर १९६५ रोजी प्रापंचिकांच्या प्रेषितकार्याविषयी एक स्वतंत्र आदेशपत्रच काढले. ख्रिस्ताच्या कार्यात प्रापंचिकांचा वाटा हा पाद्रींनी दिलेला उसना अधिकार नसून तो बाप्तिस्म्याने व दृढीकरणाने लाभलेला आहे, अशी त्याची शिकवण आहे. १९८३ च्या चर्च-कायद्याने तर अगदी आपल्या गावांचीच अडचण ध्यानात घेतली आहे. धर्मगुरूंच्या अभावी अथवा अन्य गंभीर कारणाने रविवारच्या मिस्सास जाणे अशक्य झाले, तर श्रद्धावंतांनी शक्य तेथे देवशब्दाच्या उपासनेसाठी एकत्र यावे, किंवा घरी वा काही कुटुंबांनी मिळून प्रार्थनेत वेळ घालवावा, अशी त्यात शिफारस आहे. पुढे १० मे २०२१ रोजी पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षकाच्या सेवापदास साऱ्या ख्रिस्तसभेत अधिकृत स्थान दिले. सिलोनातला अण्णावी जे करीत होता, त्याचाच हा गौरव म्हणावयास हरकत नाही.

परंतु प्रार्थना चालविली म्हणजे सर्व झाले, असे कोणी समजू नये. फादर वाझ यांची दुसरी शिकवण याहूनही कठीण आहे. १६९२ साली ते कँडीच्या राज्यात गेले, तेव्हा पोर्तुगीजांचा हेर म्हणून त्यांस कैदेत टाकण्यात आले. पुढे राजाचा संशय फिटला. १६९७ साली कँडी नगरात देवीची भयंकर साथ आली. राजा व दरबारी नगर सोडून गेले. घरच्या माणसांनीही आपल्या आजाऱ्यांस भीतीपोटी टाकून दिले. अशा वेळी फादर वाझ आणि त्यांच्या नात्यातीलच फादर जोसेफ कार्व्हालो मागे राहिले. त्यांनी आजाऱ्यांसाठी झोपड्या उभारल्या, त्यांस अन्नपाणी दिले, त्यांची क्षते धुतली आणि मेलेल्यांस मूठमाती दिली. हा कॅथॉलिक की तो बौद्ध, अशी विचारपूस त्यांनी केली नाही. या सेवेने राजाचा त्यांच्यावरील विश्वास दृढ झाला. आणि मानाची वेळ आली तेव्हा? पोपच्या प्रतिनिधींनी त्यांस बिशप करण्याचे योजिले. त्यांनी ते पद नाकारले आणि साधा सेवक म्हणून राबतच १६ जानेवारी १७११ रोजी कँडी येथे देह ठेवला. १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबो येथे पोप फ्रान्सिस यांनी त्यांस संतपद दिले.

यातून आपण तीन गोष्टी शिकाव्यात, असे आम्हांस वाटते.

पहिली, सेवा ही आमिष नव्हे. आपल्याभोवती वारली, कोकणा, धोडिया अशा बांधवांची वस्ती आहे. त्यांचे देव, त्यांचे सण आपल्याहून निराळे आहेत. त्यांच्या संकटात आपण धावून जावे ते ते आपले शेजारी आहेत म्हणून, आणि त्यांच्या रूपाने प्रभूच आपल्या दारी आला आहे म्हणून. भुकेल्यास अन्न देणाऱ्याने त्याच्याकडून काही मागू नये. अंतिम न्यायाच्या दिवशी प्रभू कोणते प्रश्न विचारणार, हे मत्तयाच्या शुभवर्तमानात आपण सर्वांनी वाचलेच आहे.

दुसरी, सेवेसाठी साथ येण्याची वाट पाहू नये. वसईचे उदाहरण पाहा. १९१८ साली मोन्सिन्योर पी. जे. मोनिस यांच्या पुढाकाराने तेथील कॅथॉलिकांनी एक सहकारी पतसंस्था काढली. थोड्याथोड्या बचतीतून गरजूस रास्त व्याजाने कर्ज मिळावे आणि सावकाराच्या दारी जाण्याची पाळी येऊ नये, हा अशा पतसंस्थांचा हेतू असतो. तीच पुढे बॅसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक झाली. तेथे कोणी चमत्कार केला नाही. लोकांनी हिशेब चोख ठेवले आणि एकमेकांवर विश्वास ठेवला. चोख हिशेब ठेवणे हीदेखील देवाची सेवाच होय.

तिसरी, सेवेत मानपान शिरू देऊ नये. सणाच्या मिरवणुकीत पुढे कोण चालणार, देणगीदारांच्या पाटीवर कोणाचे नाव आधी येणार, यावरून गावोगाव रुसवेफुगवे होतात, हे आम्ही सांगावयास नको. बिशपपद नाकारणाऱ्या संताचे आपण भक्त आहोत, याची अशा वेळी आठवण ठेवावी.

आता कोणी विचारील, "आम्ही गरीब माणसे, आम्ही काय करावे?" त्यास आमचे उत्तर असे. रांध्यासारख्या गावात क्षयाचा एखादा आजारी असतो. त्याचे औषध साधारणपणे सहा महिने चुकू न देता घ्यावे लागते. थोडे बरे वाटताच तो ते सोडून देतो. रोज संध्याकाळी त्याच्या ओट्यावर बसून "गोळी घेतली का?" एवढे विचारणे, ही सेवा आहे. आदिवासी कुटुंबांत सिकलसेल हा रक्ताचा आजार आढळतो. अंग दुखून कळवळणाऱ्या पोरास रात्री सिल्वासाच्या सरकारी इस्पितळात न्यावयाचे, तर ज्याच्या घरी गाडी आहे त्याने ती बाहेर काढणे, ही सेवा आहे. तरुण मुले-मुली कारखान्यात पाळीने काम करतात, रविवारीही त्यांस सुटी नसते. शनिवारी संध्याकाळच्या मिस्साने रविवारचे कर्तव्य पूर्ण होते, हे त्यांस सांगणे आणि तेथवर सोबत करणे, हीही सेवा आहे. अक्षर येते त्याने अर्ज लिहून द्यावा. ज्या आजीला प्रार्थना पाठ आहेत, तिने पाड्यावरील मुलांस आठवड्यातून एकदा गोळा करावे. आजारी माणसाचा निरोप फादरांपर्यंत वेळेवर पोहोचविणारा एक जबाबदार माणूस तर प्रत्येक गावी असलाच पाहिजे. यांपैकी कशासाठीही पैसा लागत नाही, किंवा लागलाच तर थोडा लागतो. वेळ मात्र लागतो, आणि वेळ देणे पैसा देण्याहून जड जाते.

याकोबाने आपल्या पत्रात श्रद्धा आणि कृती यांची फारकत करणाऱ्यांस कडक शब्दांत बजावले आहे. तो उपदेश विद्वानांसाठी नव्हे, तर उघड्यानागड्या भावास कोरडा आशीर्वाद देऊन वाटेस लावणाऱ्या तुम्हांआम्हांसाठी आहे.

सिल्वासाचे चर्च पिएदाद मातेच्या, म्हणजे करुणामातेच्या नावाने आहे. क्रुसावरून उतरविलेल्या पुत्राचा देह मांडीवर घेऊन बसलेली माता, असे तिचे रूप आहे. त्या वेळी तिच्या हाती करण्यासारखे काही उरले नव्हते. तरी ती उठून गेली नाही. दुःखितापाशी तसे बसून राहणे आपल्यापैकी प्रत्येकास शक्य आहे. हे ज्या गावातील माणसे करतील, त्या गावास कोणी विचारले, "तुमचे चर्च कोठे आहे?" तर त्यांस सिल्वासाकडे हात दाखविण्यापूर्वी आपल्याच उंबरठ्याकडे बोट दाखविता येईल. संत जोसेफ वाझ यांच्या मध्यस्थीने अशी कृपा आपल्या गावोगावच्या कुटुंबांस लाभो, हीच आमची प्रभुचरणी प्रार्थना.