आमवातात काय खावे? गैरसमज आणि वस्तुस्थिती

सकाळी उठल्यावर मूठ वळत नाही, कणीक मळवत नाही, कुकरचे झाकण लावताना मनगटातून कळ येते. तास-दीड तासाने हात थोडे मोकळे होतात. तपासण्या होऊन ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात, असे निदान होते. मग गोळ्या सुरू व्हायच्या आधीच घरात बंदची यादी तयार होते. जाऊबाई दही बंद करतात, शेजारच्या काकू टोमॅटो, तर मामा तूरडाळ. महिन्याभरात ताटात दुधीची भाजी आणि भाकरी एवढेच उरते.

या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती सांध्यांच्या आतल्या अस्तरावरच हल्ला करते. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये तो दोन ते तीन पट आढळतो. दीर्घकाळ चालणाऱ्या दाहाने स्नायू झिजतात, हाडे ठिसूळ होतात. अशा वेळी ताट रिकामे करत जाणे फार महागात पडते.

गैरसमज : आंबट खाल्ले की सांधे धरतात.
वस्तुस्थिती : लिंबू, चिंच, ताक किंवा टोमॅटोने सांध्यांतला दाह वाढतो, याला पुरावा नाही. जठरातला रस मुळातच लिंबापेक्षा अधिक आम्ल असतो आणि रक्ताची आम्लता शरीर काटेकोरपणे सांभाळते. उलट उसळीवर लिंबू पिळले तर त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे कडधान्यातले लोह जास्त शोषले जाते. बटाटा-वांग्याविरुद्धही ठोस पुरावा नाही. एखाद्या पदार्थाने आपल्याला त्रास होतो अशी शंका असेल, तर तेवढाच दोन-तीन आठवडे थांबवावा आणि पुन्हा खाऊन पाहावा. एकदम दहा पदार्थ सोडले तर काहीच कळत नाही.

गैरसमज : डाळी वातूळ, यूरिक ॲसिड वाढवतात.
वस्तुस्थिती : यूरिक ॲसिडचे खडे सांध्यात साचून होतो तो गाउट. तो वेगळा आजार, आणि त्यातही मुख्य धोका दारू, लाल मांस, कलेजी यांचा, डाळी-पालकाचा नव्हे. आमवातात झिजणाऱ्या स्नायूंना प्रथिने हवीतच. वरण, मुगाची उसळ, अंडे, दही यांपैकी काहीतरी प्रत्येक जेवणात असावे. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

गैरसमज : गहू आणि दूध सोडल्याशिवाय गुण येत नाही.
वस्तुस्थिती : सीलिॲक या आजारात गहू पूर्ण बंद करावा लागतो. आमवाताच्या सरसकट सगळ्या रुग्णांना तशी गरज नाही. दुधाचे तर उलटेच आहे. प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइड्स चालू असताना हाडांची झीज वेगाने होते, म्हणून रोज १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम पोटात जावे लागते. दूध पचत नसेल तर नाचणी आहे. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तीळही चांगले. स्टेरॉइडमुळे शरीरात मीठ-पाणी साठते, रक्तातली साखर चढते. त्यामुळे हात आखडायचाच असेल तर लोणचे, पापड आणि गोडावर आखडावा.

गैरसमज : हळदीने आमवात बरा होतो.
वस्तुस्थिती : हळदीतल्या कर्क्युमिनचे प्रमाण साधारण ३ टक्के, आणि तेही शरीरात नीट शोषले जात नाही. फोडणीतल्या हळदीने काही बिघडत नाही, पण तिला औषध समजू नये. जास्त मात्रेच्या कॅप्सूलमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

गैरसमज : कडक पथ्य पाळले की गोळ्या सोडता येतात.
वस्तुस्थिती : हा सर्वांत घातक समज. उपवासात काही दिवस बरे वाटतेही, पण जेवण सुरू झाले की दुखणे परतते. दरम्यान औषध थांबले तर हाड कुरतडले जाते आणि ते भरून येत नाही. आमवातात बहुधा पहिले औषध मेथोट्रेक्सेट असते. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे. चुकून रोज घेतल्यास जीवावर बेतू शकते. म्हणून पाकिटावर वार ठळक लिहून ठेवावा. सोबतची फॉलिक ॲसिडची गोळी चुकवू नये. यकृतावर ताण येतो म्हणून दारू टाळावी. प्रतिकारशक्ती दबलेली असल्याने मोड कच्चे न खाता वाफवून घ्यावेत, दूध उकळलेलेच प्यावे.

मग उपयोग कशाचा होतो?
अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचनांनी एकाच आहारपद्धतीची शिफारस केली, तीही सशर्त : भूमध्य समुद्राकाठची. भाज्या, फळे, कडधान्ये, अख्खी धान्ये, ऑलिव्ह तेल आणि मासे हा तिचा गाभा. ऑलिव्ह तेल वगळले तर यातले बहुतेक आपल्या स्वयंपाकघरात आहेच. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजी, कोशिंबीर आणि मासे खाणाऱ्यांसाठी आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली. तळून नव्हे, कालवणात. या माशांतल्या ओमेगा-३ मेदाम्लांनी सकाळचा ताठरपणा काहीसा कमी होतो. जवसाच्या चटणीतही ओमेगा-३ असते, पण त्यातले फार थोडे शरीराला माशातल्यासारख्या रूपात बदलता येते. चटणी खावी, अपेक्षा बेताची ठेवावी.

वजन जास्त असेल तर ते हळूहळू उतरवल्याने सांध्यांवरचा भार कमी होतो आणि औषधेही चांगली लागू पडतात. पुढच्या तपासणीला जाताना सोडलेल्या पदार्थांची यादीही सोबत न्यावी. त्यातले बहुतेक पदार्थ डॉक्टर पुन्हा सुरू करायला सांगतील.