बदलीची टांगती ऑर्डर
लेखमाला : कचेरीतली माणसं, भाग ६

मागच्या भागात भरतीबद्दल लिहिलं. माणूस परीक्षा देऊन, यादीत येऊन एकदाचा टेबलाशी बसला की पुढची तीस-पस्तीस वर्षं त्याच्याकडून चांगलं काम कसं करून घ्यायचं, हा प्रश्न उरतो. या आठवड्यात त्या प्रश्नातला सर्वात दुखरा भाग घेऊ : बदली.

तहसीलदाराचं उदाहरण पाहा. त्याच्या हाताखाली नायब तहसीलदार, अव्वल कारकून, महसूल सहायक, मंडळ अधिकारी, तलाठी, शिपाई, कोतवाल असा मोठा परिवार असतो. यातल्या जवळपास कोणालाही त्यानं निवडलेलं नसतं. कोणाचा पगार वाढवणं त्याच्या हातात नाही. वेतनश्रेणी वेतन आयोगावरून ठरते आणि वार्षिक वेतनवाढ ठरल्या तारखेला राबणाऱ्यालाही पडते, चुकारतट्टूलाही पडते. बढती ज्येष्ठता यादीनं आणि विभागीय पदोन्नती समितीनं व्हायची. कामावरून काढणं तर दूरच. संविधानाच्या अनुच्छेद ३११ प्रमाणे चौकशी केल्याशिवाय आणि म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय कोणाला बडतर्फ करता येत नाही, आणि तेही नेमणूक करणाऱ्या अधिकाऱ्यापेक्षा खालच्या अधिकाऱ्याला करता येत नाही. ही सगळी बंधनं योग्यच आहेत. मर्जीतल्यांची भरती आणि नावडत्यांची हकालपट्टी रोखायची असेल तर ती हवीतच. पण ती पाळल्यावर कार्यालयप्रमुखाच्या हातात उरतं काय? कामाचं वाटप, गोपनीय अहवाल आणि बदलीसाठी वर टाकायचा शब्द.

म्हणून आपल्याकडे बदलीवर भलताच भार पडला आहे. बक्षीस द्यायचं तर बदली, शिक्षा करायची तर बदली, तक्रार मिटवायची, आमदारांचा शब्द राखायचा, भांडण सोडवायचं, तरीही बदलीच. मुळात बदली कशासाठी? एकाच जागी हितसंबंध घट्ट होऊ नयेत, अवघड जागी काम करायची पाळी सगळ्यांवर यावी आणि माणसाला वेगवेगळ्या कामांचा अनुभव मिळावा यासाठी. हे तिन्ही हेतू मागे पडले आणि ‘मलईदार टेबल’, ‘साईड पोस्टिंग’, ‘सोयीची जागा’ ही भाषा कचेऱ्यांच्या अंगवळणी पडली. माझ्या मते सरकारी कामाचा वेग मंदावण्यामागे आळसापेक्षा या अनिश्चिततेचा वाटा मोठा आहे.

महाराष्ट्राच्या विधिमंडळाला हा संबंध पूर्वीच कळला होता. आपल्या राज्यात एक कायदा आहे : महाराष्ट्र शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध अधिनियम, २००५. तो १ जुलै २००६ पासून लागू झाला. बदली आणि दप्तरदिरंगाई हे दोन विषय एकाच कायद्यात आहेत. एका पदावर साधारण तीन वर्षं, मंत्रालयाबाहेरच्या गट ‘क’ कर्मचाऱ्याला एका कार्यालयात अशा दोन पाळ्या. बदल्या वर्षातून एकदाच, एप्रिल किंवा मे महिन्यात. मध्येच बदली करायची तर लेखी कारण आणि वरच्या सक्षम अधिकाऱ्याची आधी मान्यता. त्याच कायद्यात पुढं असंही आहे, की कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे साधारणपणे कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये. सात दिवसांत फाइल हलवायची अपेक्षा ठेवायची, तर ती हलवणाऱ्याला आपण इथं किती दिवस आहोत हे ठाऊक हवं.

कायदा चांगला आहे, पण त्यात अपवादाची वाटही ठेवलेली आहे आणि ती वाट फार रुळली. ‘प्रशासकीय कारणास्तव’ एवढे दोन शब्द लिहून मधल्याच महिन्यात ऑर्डर निघते. मग कर्मचारी मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात जातो. ‘लेखी कारणं कुठं आहेत, आधी मान्यता घेतली होती का’ हे तिथं तपासलं जातं आणि कारण धड नसेल तर बदली रद्दही होते. पण तोवर एका खुर्चीवर दोन दावेदार, टेबलावर साचलेलं टपाल आणि बाहेर खेटे घालणारी माणसं, असे कित्येक आठवडे जातात.

नुकसान नेमकं कुठं होतं, हे तलाठ्याच्या चार्ज देण्याघेण्यात दिसतं. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावात अजून ‘तलाठीभाऊसाहेब’च चालतं. ऑर्डर आली की जुना माणूस दप्तराची यादी करतो : गाव नमुने एक ते एकवीस, फेरफाराची जुनी पुस्तकं, पावती पुस्तकं, वसुलीचा हिशेब. नवा माणूस एकेक बाब ताडून पाहतो आणि दोघांच्या सह्या होतात. ई-फेरफारमध्ये नव्या माणसाची डिजिटल सही त्या सजाला जोडून घ्यावी लागते. ती जोडली जाईपर्यंत नवी नोंद पुढं सरकत नाही. वारस नोंदीसाठी आलेला शेतकरी ‘साहेब नवीन आहेत, थोडं थांबा’ एवढं ऐकून परत जातो. नोंद घेतल्यावर हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस, मग मंडळ अधिकाऱ्यानं ती प्रमाणित करायची. तेवढ्यात पीककर्जाची मुदत डोक्यावर येते.

हे झालं कागदाचं. यादीत न उतरणारी माहिती याहून महत्त्वाची असते. कोणत्या गटाचा वाद दिवाणी कोर्टात पडून आहे, कोणत्या भावकीत बांधावरून मारामारी झाली होती, मयत खातेदाराला दोन मुली आहेत आणि त्या लग्न होऊन बाहेरगावी गेल्या आहेत. तीन वर्षं गावात काढलेला तलाठी वारसाचा अर्ज हातात घेतल्याबरोबर विचारतो, ‘ताईंची नावं कुठं आहेत?’ महिन्यापूर्वी आलेल्या माणसाला पोलीस पाटलाच्या किंवा सर्वात मोठ्यानं बोलणाऱ्या भावाच्या शब्दावर चालावं लागतं. मग मुलींची नावं राहून जातात, आणि ती पुन्हा लावण्यासाठी प्रांताकडे अपील करावं लागतं. सरकारी कामाची उत्पादकता मोजताना निकाली काढलेल्या अर्जांची संख्या मोजतात. पहिल्याच वेळी बरोबर झालेली नोंद त्या आकड्यात वेगळी दिसत नाही. मला ती सर्वात मोलाची वाटते.

जे गावपातळीवर, तेच वरही. अर्थशास्त्रज्ञ लक्ष्मी अय्यर आणि आनंदी मणी यांनी भारतीय प्रशासकीय सेवेतल्या अधिकाऱ्यांच्या नेमणुकांची दोन दशकांहून अधिक काळाची नोंद तपासली. एका पदावरचा सरासरी काळ निघाला १६ महिने. मुख्यमंत्री बदलला की बदल्या वाढतात, हेही आकड्यांत दिसलं. त्यांचा पुढचा निष्कर्ष मला जास्त अस्वस्थ करतो : चांगल्या पदावर पोचायच्या दोन वाटा असतात, एक कामातल्या तयारीची आणि दुसरी निष्ठेची. दुसरी वाट उघडी असली की काही अधिकारी पहिल्या वाटेवर मेहनत घेणं कमी करतात. म्हणजे बदलीची पद्धत हातातलं काम तर अडवतेच, शिवाय नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांत माणूस काय शिकायचं ठरवतो, त्यावरही तिचा परिणाम होतो. ऑक्टोबर २०१३ मध्ये माजी मंत्रिमंडळ सचिव टी. एस. आर. सुब्रमण्यन आणि इतरांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं ठरावीक किमान कार्यकाळ, नागरी सेवा मंडळं आणि तोंडी आदेशांची लेखी नोंद असे निर्देश दिले, ते याच अनुभवातून.

आता आपल्याच राज्यातला मोठा प्रयोग. जिल्हा परिषदांच्या प्राथमिक शिक्षकांच्या बदल्या म्हणजे एके काळी सभागृहात दिवसभर चालणारं समुपदेशन, पुढाऱ्यांच्या चिठ्ठ्या आणि ‘साहेबांना भेटून आलो’ची वर्दळ. २७ फेब्रुवारी २०१७ च्या शासन निर्णयानं हे सगळं संगणकावर नेलं. जिल्ह्यातल्या शाळा अवघड आणि सर्वसाधारण अशा दोन क्षेत्रांत वाटल्या. गंभीर आजारी, दिव्यांग, विधवा, परित्यक्ता यांचा एक संवर्ग, पती-पत्नी एकत्रीकरणाचा दुसरा. अवघड क्षेत्रात सलग तीन वर्षं काढलेला शिक्षक ‘बदली अधिकारप्राप्त’, तर सर्वसाधारण क्षेत्रात सलग दहा वर्षं काढलेला ‘बदलीपात्र’. प्रत्येकानं पसंतीच्या शाळा क्रमानं भरायच्या आणि यादी संगणकानं लावायची.

शिक्षकांनी या प्रक्रियेला खो-खोचा शब्द लावला : अधिकारप्राप्त शिक्षकानं आपली शाळा मागितली की ‘खो बसला’. खो बसलेल्याला पसंतीची कोणतीच शाळा मिळाली नाही, तर तो ‘विस्थापित’ आणि त्याचं नाव ‘रँडम राउंड’ला. २०१८ च्या उन्हाळ्यात असे विस्थापित शिक्षक ठिकठिकाणी रस्त्यावर उतरले. खोट्या वैद्यकीय प्रमाणपत्रांच्या, पती-पत्नीच्या शाळांतलं अंतर वाढवून दाखवल्याच्या तक्रारी आल्या, पडताळण्या झाल्या. हे सगळं मान्य करूनही मी त्या निर्णयाच्या बाजूनं आहे. अक्कलकुवा, धडगाव, चिखलदरा, भामरागड अशा तालुक्यांत वर्षानुवर्षं अडकून पडलेल्या शिक्षकाला प्रथमच हक्कानं अर्ज भरता आला, कोणाच्या दारात न जाता. तीन वर्षांनी आपण इथून सुटू शकतो हे ज्याला ठाऊक आहे, तो त्या तीन वर्षांत पोरांच्या वाचनाकडे लक्ष देईल. ज्याला सुटकेची तारीखच नाही, त्याची निम्मी शक्ती सुटण्याची वाट शोधण्यात जाते.

तरीही या पद्धतीत एक पोकळी आहे. तिथं सेवेची वर्षं मोजली जातात, काम मोजलं जात नाही. अवघड शाळेत तीन वर्षं जीव ओतणारा आणि तीन वर्षं दिवस भरणारा, दोघांनाही अधिकार एकच.

ही पोकळी भरायचा एक नमुना शेजारच्या पंजाबातला, म्हणजे पाकिस्तानच्या पंजाब प्रांतातला आहे. अदनान खान, असीम ख्वाजा आणि बेंजामिन ओल्केन यांनी तिथल्या मालमत्ता कर निरीक्षकांवर प्रयोग केला आणि त्याचा निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. निरीक्षकांचे गट केले आणि प्रत्येकाकडून पसंतीच्या सर्कलची यादी घेतली. वर्षअखेरीस ज्याची कामगिरी सर्वात चांगली, त्यानं आधी निवडायचं, मग दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं. पगारात एक रुपयाचीही वाढ नाही. तरी या गटांत करवसुली वाढण्याचा वार्षिक दर ३० ते ४१ टक्क्यांनी उंचावला. चांगल्या जागेची आशा खरी असली, म्हणजे वशिल्यानं हिरावली जाणार नसली, की माणूस राबतो. मात्र हाच खेळ लागोपाठ दुसऱ्या वर्षी केला की फायदा ओसरतो, असंही त्यांना आढळलं. वसुली रुपयांत मोजता येते, हेही इथं विसरून चालणार नाही. उपकेंद्रातल्या एएनएमचं किंवा पहिलीच्या बाईंचं काम तसं मोजता येत नाही, आणि ओढूनताणून मोजलं तर नोंदवह्या भरण्यातच त्यांचा दिवस जाईल. म्हणून हा नमुना वसुली, नोंदणी, परवाने अशा मोजता येणाऱ्या कामांपुरता आधी आपल्याकडे करून पाहावा, असं मला वाटतं.

अवघड जागांसाठी आपल्याकडे पैशाचं साधनही आहे. आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागात काम करणाऱ्याला तिथं असेपर्यंत एक पायरी वरची वेतनश्रेणी मिळते; कर्मचारी तिला ‘एकस्तर’ म्हणतात. ती हवीच. पण पोरांच्या शाळेची, आईवडिलांच्या दवाखान्याची आणि राहायच्या घराची सोय एकस्तरानं होत नाही. बंद पडलेलं निवासस्थान दुरुस्त करणं हे मनुष्यबळ व्यवस्थापनातलंच काम आहे. आपल्याकडे ते बांधकाम विभागाच्या यादीत शेवटी ढकललं जातं.

राहता राहिला रिक्त पदांचा प्रश्न. नियम कितीही चोख केले तरी माणसंच कमी असतील तर बदली कागदावर राहते. ऑर्डर निघते आणि खाली एक ओळ असते : पर्यायी कर्मचारी रुजू झाल्याशिवाय कार्यमुक्त करू नये. पर्यायी माणूस येत नाही, कारण त्याच्याही जागी कोणी आलेला नसतो, किंवा त्यानं स्थगिती आणलेली असते. दुर्गम आरोग्य केंद्रातली परिचारिका हातात ऑर्डर घेऊन महिनोन्‌महिने तिथंच राबते. मैदानी तालुक्यात दोन-दोन सजांचा अतिरिक्त कार्यभार सांभाळणारा तलाठी सोमवार-मंगळवार एका गावाला आणि बुधवार-गुरुवार दुसऱ्या गावाला देतो. अशा ठिकाणी कायद्यातले सात दिवस कोणत्या गावाचे धरायचे? बदल्यांची यादी काढण्यापूर्वी प्रत्येक खात्यानं रिक्त पदांची तालुकावार यादी संकेतस्थळावर लावावी, आणि अवघड क्षेत्रातून सुटणाऱ्याच्या जागी येणाऱ्या माणसाचं नाव त्याच ऑर्डरमध्ये असावं, जुना आणि नवा निदान आठवडाभर एकत्र बसतील अशा तारखेसह. तलाठ्याच्या दप्तराची यादी करायला तेवढे दिवस लागतातच, आणि बाहेरगावी दिलेल्या मुलींची नावंही त्याच आठवड्यात सांगून होतील.

(पुढील भागात : गोपनीय अहवाल)