घेणाऱ्यालाही देऊ द्या

भरिताच्या वांग्यांचे दिवस आले की मला एका आजींची आठवण होते आणि मन थोडे खजील होते. बरीच वर्षे झाली या गोष्टीला. बोरी नदीकाठच्या एका खेड्यातून त्या दर महिन्याला माझ्या दवाखान्यात येत. वय साठीच्या पुढे, रक्तदाब कायम १८० च्या घरात. घरची दोन एकर कोरडवाहू जमीन आणि मुलगा दुसऱ्याच्या शेतात मजुरीला. मी त्यांच्याकडून तपासणीचे पैसे घेत नसे. औषध कंपन्यांचे प्रतिनिधी नमुन्याच्या गोळ्या ठेवून जात, त्यांतल्याच महिनाभर पुरतील एवढ्या काढून देई. एके दिवशी आजींनी पिशवीभर वांगी आणली. हिरवी, चांगली मोठाली, भरिताची. मी मोठ्या चांगुलपणाने म्हणालो, "आजी, हे कशाला आणलं? घरी न्या, नातवंडांना भरीत करून घाला." आजी काही बोलल्या नाहीत. पिशवी उचलली आणि गेल्या.

त्यानंतर त्या आल्याच नाहीत. माझ्याही ते लक्षात राहिले नाही. सात-आठ महिन्यांनी मुलाने त्यांना रिक्षात घालून आणले, तेव्हा तोंड वाकडे झाले होते आणि डावा हात-पाय लुळा पडला होता. गोळ्या केव्हाच बंद झाल्या होत्या. पुढे मोठ्या रुग्णालयात उपचार झाले, जीव वाचला. बोलणे जरा सुधारल्यावर मी विचारले, गोळ्या का थांबवल्या? आजी म्हणाल्या, "फुकटनं कितला दिन लेवानं, डाक्टर?"

वाचकहो, कृतज्ञता, माणुसकी, औदार्य हे शब्द कीर्तनात शोभतात, आरोग्याच्या सदरात त्यांचे काय काम, असे आपल्याला वाटेल. मलाही पूर्वी तसेच वाटे. पण आजींच्या त्या दुखण्यात माझ्या एका वाक्याचा वाटा होता, हे मला नाकारता येत नाही. मी द्यायला तयार होतो, घ्यायला नव्हतो. ज्याला सतत घ्यावेच लागते, त्याची मान खाली जाते. अशी माणसे मग औषध सोडतात, जेवण कमी करतात, दुखणे लपवतात. घरोघरच्या म्हाताऱ्या माणसांत हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

शरीरात काय घडते ते थोडक्यात सांगतो. मनावर ओझे असले की मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या लहानशा ग्रंथींतून अॅड्रेनालिन आणि कॉर्टिसोल ही संप्रेरके जास्त पाझरतात. नाडी जलद होते, रक्तदाब चढतो, झोप उडते. साप दिसला तर हे उपयोगाचेच आहे. पण साप निघून जातो. ‘मी आता कुणाच्या कामाचा नाही’ हा विचार मात्र उशाशीच बसून राहतो. ताणाचे थोर अभ्यासक हान्स सेल्ये यांनी १९५६ सालच्या आपल्या ग्रंथात कृतज्ञता आणि सूड या दोन भावनांना मुद्दाम जागा दिली आहे. विद्यार्थिदशेत मला त्याची गंमत वाटली होती. आता वाटत नाही.

अमेरिकेत डेट्रॉइट परिसरातील ४२३ वृद्ध जोडप्यांची पाच वर्षे पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. जे वृद्ध नातेवाइकांच्या, शेजाऱ्यांच्या उपयोगी पडत, जोडीदाराला धीर देत, त्यांच्यात त्या पाच वर्षांत मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. नुसती मदत घेणाऱ्यांत तसा फायदा दिसला नाही. आता तुम्ही म्हणाल, धडधाकट माणूसच दुसऱ्याला मदत करणार आणि तोच जास्त जगणार, त्यात नवल ते काय? ही शंका संशोधकांनाही आली होती. आधीची प्रकृती हिशेबात धरूनही फरक उरलाच. २०१६ साली आणखी एक प्रयोग प्रसिद्ध झाला. रक्तदाब असलेल्या ७३ वयस्क लोकांना तीन आठवडे, दर आठवड्याला ४० डॉलर देण्यात आले. काहींनी ते स्वतःवर खर्च करायचे, काहींनी दुसऱ्यावर. दुसऱ्यावर खर्च करणाऱ्यांचा रक्तदाब नंतर कमी भरला. प्रयोग लहान आहे, तेव्हा कृपा करून ‘मी दानधर्म करतो’ म्हणून बी.पी.ची गोळी बंद करू नका.

पण घेणे आणि देणे यांची ही गाठ समजून घ्यायला इतक्या लांब जाण्याचे कारण नाही. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात विनोबांनी दर रविवारी एक अशी गीतेवर अठरा प्रवचने केली. ऐकायला सोबतचे कैदी होते आणि ती उतरवून घेतली साने गुरुजींनी. सतराव्या प्रवचनात दानाचा विचार आला आहे. त्याचा आशय असा, की आपण जन्मतो तेव्हापासून समाज आपल्यासाठी झिजत असतो. त्याचे ऋण आपल्यावर आहे आणि ते फेडणे म्हणजे दान. म्हणजे पाहा, देणारा कुणावर उपकार करीत नाही, तो जुनी बाकी चुकती करतो. असे म्हटले की देणाऱ्याची छाती फुगत नाही आणि घेणाऱ्याची मान खाली जात नाही. आणि बाकी काय एकट्या श्रीमंताच्याच नावावर असते? आजींच्याही नावावर होती. ती फेडायला त्या वांगी घेऊन आल्या होत्या आणि मी त्यांना परत पाठवले.

ज्याचे घेतले त्यालाच परत देता येईल असेही नसते. माझ्या वडिलांच्या शस्त्रक्रियेच्या वेळी दोन बाटल्या रक्त लागले. ते कुणाचे होते हे आम्हांला कधीच कळले नाही. रक्तदान करण्याच्या वयात मी होतो तोवर दर उन्हाळ्यात, महाविद्यालयांना सुट्या लागून रक्तपेढ्यांत तुटवडा पडतो त्या दिवसांत, जाऊन रक्त देत आलो.

साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते आणि छात्रालयही सांभाळत होते. मुलांच्या खोल्या झाडणे, कपडे धुणे, आजारी मुलाच्या उशाशी बसणे हे सारे ते करीत, हे आपल्या भागात सर्वांना ठाऊक आहे. अशी सेवा मिळालेला मुलगा गुरुजींना काय परत देणार? त्याने पुढे दुसऱ्या कुणाच्या उशाशी बसायचे, एवढेच.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण या विषयावर फार गोड गोड लिहिले जाते. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना दिले, त्या साने गुरुजींनी ११ जून १९५० रोजी आपले जीवन स्वतः संपवले. त्यांच्या मनात काय होते याचा निवाडा मी करणार नाही. पण प्रेमळपणा आणि सेवावृत्ती हा नैराश्यावरचा उपचार नव्हे, एवढे त्यातून समजून घ्यावे. घरात कुणी आठवडेच्या आठवडे उदास असेल, जेवत-झोपत नसेल, मरणाची भाषा करीत असेल, तर ‘देवाने तुला काय कमी दिलंय’ असे त्याला सुनावू नका. त्याचे ओझे त्याने वाढते. त्याला डॉक्टरकडे न्या. १४४१६ हा सरकारी टेलिमानसचा दूरध्वनी आहे. तो विनामूल्य आहे आणि दिवसरात्र चालू असतो.

बाकी आपल्यासारख्या बऱ्या माणसांनी काय करावे? आपल्याकडे ‘आभार’ हा शब्द फक्त समारंभात वापरतात, आणि आभारप्रदर्शन सुरू झाले की मंडळी चपला शोधू लागतात. घरात बायकोला ‘आभारी आहे’ म्हटले तर ती घाबरून ताप तर नाही ना, ते पाहील. पण आपली स्वतःची रीत आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करतात, आठवते ना? बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळतात, जिथे वर्षभर जू घासले नेमके तिथे. ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले, तरी ही रीत मला फार शहाणपणाची वाटते. कृतज्ञता मोघम नसावी. बायकोच्या गुडघ्यांना पाणी भरून कळा येतात का, वडिलांनी तुमच्या शिक्षणासाठी कोणते शेत विकले, हे नेमके आठवावे आणि बोलून दाखवावे. ज्यांना बोलायला जमत नाही त्यांनी वही करावी. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एमन्स आणि मॅकलो यांच्या प्रयोगात लोकांनी दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, ज्यांबद्दल बरे वाटते अशा पाचपर्यंत गोष्टी लिहिल्या. कटकटी लिहिणाऱ्यांपेक्षा त्यांना जास्त बरे वाटले, अंगदुखी-डोकेदुखीसारख्या तक्रारी कमी झाल्या. नंतरच्या अभ्यासांत हा फायदा बेताचाच दिसला. पण वहीला खर्च तरी किती येतो?

आजींचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. सून फार चांगली. सासूला काडी उचलू देत नसे. आणि आजी दिवसेंदिवस मिटत चालल्या होत्या. "आते मी कोनाच कामनी नही," एवढेच म्हणत. मी सुनेला म्हणालो, आजींना काम द्या. ती बिचकली. आजारी सासूला कामाला लावले असे लोक म्हणतील, ही तिची भीती खोटी नव्हती. म्हणून मी केस पेपरवर गोळ्यांच्या खाली लिहूनच दिले: उडदाच्या पापडांच्या लाट्या, रोज अर्धा तास, बसून. उन्हाळा होता. आपल्याकडे पापडाला बायका एकमेकींच्या घरी जातात, आज तुझ्याकडे तर उद्या माझ्याकडे. आजींच्या ओट्यावर पाट-लाटणी जमली. डाव्या हाताची मूठ तेव्हा कशीबशी वळत होती, तिला पीठ वळण्याचा व्यायाम झाला. शिवाय पापडखार किती घालायचा, पीठ किती कुटायचे, हे गल्लीतल्या तरुण सुनांना आजींखेरीज सांगणार कोण? महिन्याभरात त्या स्वतः उठून ओट्यावर येऊ लागल्या. गोळ्या अर्थातच चालू होत्या.

पापड म्हणजे मीठ आणि खार, रक्तदाबवाल्यांनी ते टाळावेत, असे मी याच सदरात लिहिले आहे. आजींनी एकही खाल्ला नाही असे सुनेने शपथेवर सांगितले. माझ्यासाठी मात्र मुलाबरोबर शंभरेक पापड पाठवले होते. या वेळी मी पिशवी ठेवून घेतली.