दहा दिवसांचं मिशन आणि ब्लँक रीडिंग

परवा लॅबमधल्या एका ज्युनिअरने विचारलं, "बदल झाला असं लोक स्वतःच सांगतायत, मग आणखी कसला पुरावा हवा?" मी रसायनशास्त्रातला, पण या प्रश्नाचं मला पटलेलं उत्तर होंडुरासमधल्या घरबांधणीत सापडलं.

आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेतल्या अनेक कॅथलिक पॅरिश (वसईकडे पॅरिशला 'धर्मग्राम' म्हणतात, शब्द छान आहे) ग्वाटेमाला, होंडुरास, निकाराग्वा अशा देशांतल्या एखाद्या खेड्याशी नातं जोडतात. पंधरा-वीस जणांचा गट आठ-दहा दिवसांसाठी जातो. शाळेची भिंत बांधायची, आरोग्य शिबिर घ्यायचं, गावकऱ्यांबरोबर मिस्सा करायची आणि परत यायचं. आल्यावर बरेच जण सांगतात, 'आयुष्य बदललं.' प्रोटेस्टंट चर्चही हेच करतात.

ते खोटं बोलत नाहीत. पण हे रीडिंग ब्लँक न लावता घेतलेलं आहे. गेला नसता तर तोच माणूस कसा वागला असता? आणि मुळात जातो कोण? ज्याला आधीपासूनच ओढ आहे तो.

१९९८ च्या ऑक्टोबरअखेर मिच चक्रीवादळाने होंडुरास उद्ध्वस्त केला. घरं बांधायला उत्तर अमेरिकेतून गटामागून गट आले. कर्ट वर बीक हे समाजशास्त्रज्ञ होंडुरासमध्येच राहणारे, परंपरेने प्रोटेस्टंट. त्यांनी काही घरं पाहुण्या गटांनी बांधलेली आणि काही स्थानिक संस्थांनी बांधलेली घेतली आणि दोन्हींत राहणाऱ्या कुटुंबांशी बोलले. २००६ मध्ये निष्कर्ष छापले: घर कोणी बांधलं यामुळे कुटुंबांच्या आयुष्यात फरक दिसला नाही. घर साधारण २,००० डॉलरचं. ते बांधायला येणाऱ्या गटाचा विमानभाड्यासकट खर्च सुमारे ३०,००० डॉलर. म्हणजे तेवढ्यात पंधरा घरं.

यावर ठरलेला बचाव असा: ते पैसे प्रवासासाठीच उभे राहिले, नुसते पाठवायला कोणी दिले नसते. शिवाय जाऊन आलेला माणूस पुढे वर्षानुवर्षं देणगी देतो. बघा, आता हा तपासता येणारा दावा झाला. वर बीक यांनी प्रश्नावली भरून घेतली, तेव्हा अनेकांनी आपलं दान वाढल्याचं लिहिलं. मग त्यांनी संस्थेच्या देणग्यांच्या नोंदी काढल्या. सांगितली तेवढी वाढ तिथे नव्हती. मला या अभ्यासातली सर्वांत देखणी पायरी हीच वाटते. कोणाला खोटं पाडायचं म्हणून नव्हे, तर आठवणीपेक्षा पावती बरी म्हणून.

आता उणीव. कुठलं घर कोणाला मिळेल हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नव्हतं. आणि घर मिळालेल्या माणसाला पाहुण्यांबद्दल विचारलं तर तो चांगलंच बोलणार. आपल्याकडेही सर्व्हेवाल्याला आधी चहा मिळतो, मग उत्तरं.

या अडचणीवर प्रश्नावली सुधारून फार काही होत नाही, वेळ द्यावा लागतो. ग्वाटेमालातल्या सांतियागो आतित्लान इथे ओक्लाहोमाच्या धर्मप्रांताचं मिशन होतं. शेतकरी घरातले स्टॅन्ली रोथर हे धर्मगुरू १९६८ मध्ये तिथे गेले. सेमिनरीत लॅटिन जमेना म्हणून अडलेला हा माणूस तिथली त्सुतुहिल ही माया भाषा शिकला, बायबलच्या नव्या कराराच्या भाषांतराला हातभार लावला, लोकांबरोबर शेतात राबला. यादवीत जिवाला धोका असल्याचं कळूनही परतले. २८ जुलै १९८१ ला त्यांना गोळ्या घालून मारलं. २०१७ मध्ये चर्चने त्यांना 'ब्लेसेड' घोषित केलं. गावाने त्यांचं हृदय ठेवून घेतलं, ते तिथल्या चर्चमध्येच आहे.

दहा दिवसांची तेरा वर्षांशी तुलना अन्यायाची आहे, मान्य. पण पद्धतीपुरता एक मुद्दा उरतोच. अशा गावात स्पॅनिश ही पुष्कळांची दुसरी भाषा. पाहुण्यांचा कारभार इंग्रजीत, मधला दुभाषा बहुतेक संस्थेचाच. समजा तुम्ही असाच प्रस्ताव लिहिताय, तर नमुना किती घ्यायचा हे नंतर ठरवा. आधी मुलाखत कोण घेणार, कुठल्या भाषेत, आणि त्याचा पगार कोण देतं, हे तीन रकाने भरा.