विश्रांतीने न उतरणारा थकवा

आपल्या घरी कर्करोगाचा रोगी असेल आणि रोग बराच पुढे गेलेला असेल, तर एक दृश्य आपल्या परिचयाचे असेल. स्नान उरकून रोगी पलंगावर येऊन टेकतो तो घामाघूम होऊन. रात्री झोप झालेली असते, श्रमाचे असे काही काम घडलेले नसते. तरीही हातातला चहाचा पेला त्याला जड होतो. “एवढे दमायला झाले तरी काय?” हा प्रश्न घरात कोणी उघड विचारीत नाही. पण तो सर्वांच्या चेहऱ्यावर असतो, आणि रोग्याला तो बरोबर वाचता येतो.

श्रमाने आलेला थकवा झोपेने उतरतो. हा थकवा तसा उतरत नाही, हे कुटुंबाने प्रथम समजून घ्यावयास हवे. रोगामुळे शरीरात एक प्रकारचा दाह सतत चालू असतो, स्नायू झिजत जातात, आणि औषधोपचारांचा भार त्यावर पडतो. हा आळस नव्हे, आणि रोग्याने धीर सोडल्याचे लक्षणही नव्हे. म्हणून “जरा मन घट्ट करा” असे आपण प्रेमाने म्हणतो, तेव्हा त्याच्या थकव्यात अपराधीपणाची भर मात्र पडते.

वेदना झाली की रोगी वैद्याला सांगतो. थकवा मात्र तो सांगत नाही, कारण तो असावयाचाच असे त्याने गृहीत धरलेले असते. हे गृहीत चुकीचे आहे. रक्तातील हिमोग्लोबिन उतरणे, दबून राहिलेला जंतुसंसर्ग, पुरेशी न शमलेली वेदना, तुटक झोप, शरीरातील पाणी व क्षार यांचे बिघडलेले प्रमाण, थायरॉइडची मंदावलेली क्रिया, मनाची खिन्नता, यांपैकी एखादे कारण सापडले तर त्यावर उपाय करता येतो. मॉर्फिन नव्याने सुरू केल्यावर येणारी गुंगीही बहुधा काही दिवसांत कमी होते. तेवढ्यासाठी ते आपल्या मनाने बंद करू नये. डॉक्टरांकडे जाताना एक छोटी वही न्यावी. थकवा मुळीच नसल्यास ० आणि कल्पनेतला सर्वांत अधिक असल्यास १०, असा आकडा रोग्याला विचारून रोज तीत लिहावा. कॅनडातील एडमंटन येथे १९९१ साली तयार झालेल्या लक्षणमापन पद्धतीत हीच युक्ती आहे. “फार थकवा आहे” या वाक्यापेक्षा “सोमवारी ४ होता, गुरुवारपासून ८ आहे” हे वाक्य डॉक्टरांच्या अधिक उपयोगी पडते.

आता ज्या गोष्टीवर आपला विश्वास बसणे कठीण, ती सांगतो. दिवसभर पडून राहिल्याने हा थकवा वाढतो, कारण न वापरलेले स्नायू अधिकच दुबळे होतात. रोग्याला झेपेल तितके, मग ते पलंगापासून ओसरीपर्यंतच का असेना, रोज चालणे हिताचे असते. अर्थात हाडांत रोग पसरला असेल, तोल जात असेल, ताप किंवा धाप असेल, तर डॉक्टरांना विचारल्यावाचून हे करू नये. दुपारची झोप अर्ध्या-पाऊण तासाची असावी, म्हणजे रात्रीची मोडत नाही.

उरलेल्या शक्तीचे काय करावयाचे, हा प्रश्न मात्र औषधाचा नव्हे, घराचा आहे. उन्हाळ्यात आटत आलेल्या विहिरीवर शहाणी माणसे सकाळीच सारे पाणी उपसून घेत नाहीत. थोडे काढतात, झिरपू देतात, मग पुन्हा काढतात. आमच्या परिचयातील एका निवृत्त शिक्षकांची सकाळ स्नान, दाढी, कपडे आणि भेटीला येणाऱ्यांची विचारपूस यांतच संपून जाई. दहा वाजता ते डोळे मिटून पडत. नातीला गणित शिकवावे एवढीच त्यांची इच्छा होती, आणि तीच राहून जाई. पुढे सुनेने बेत बदलला. स्नान एक दिवसाआड, तेही संध्याकाळी, स्टुलावर बसवून कोमट पाण्याने. एरवी ओल्या फडक्याने अंग पुसणे. पुढून बटणे असलेला सदरा. पाहुण्यांना पाचनंतरची वेळ. सकाळची वीस मिनिटे नातीची. त्यांचा थकवा गेला नाही, पण अपूर्णांक शिकवून झाले. शक्ती कशावर खर्चावी हे ठरविण्याचा अधिकार रोग्याचा आहे. आपल्या मते ते काम कितीही क्षुल्लक असो.

(पाहुण्यांविषयी एक शब्द. आपल्याकडे आजाऱ्याला भेटून जाणे हे कर्तव्य मानतात, ते योग्यच. परंतु दहा मिनिटांत उठणे हाही त्या कर्तव्याचाच भाग समजावा.)

आहाराच्या बाबतीत घरोघरी मोठा संघर्ष होतो. “दोन घास अधिक खा, म्हणजे शक्ती येईल” हा आग्रह मायेचा खरा; पण पुढे गेलेल्या रोगात शरीर अन्नाचा पूर्वीसारखा उपयोग करू शकत नाही, आणि बळेच भरविल्याने स्नायू भरून येत नाहीत. मऊ खिचडी, पेज, ताक, जे रुचेल ते थोडे थोडे, त्याला हवे तेव्हा द्यावे, आणि ताट परत आले तर चेहरा पाडू नये.

हे सारे एकट्या कुटुंबाने पेलावयाचे नाही. रोग हटविता येत नसला तरी रोग्याचे क्लेश हलके करणारी पॅलिएटिव्ह केअर ही स्वतंत्र सेवा आहे. वांद्रे येथील शांती आवेदना सदन १९८६ साली सुरू झाले, कोझिकोड येथील संस्था १९९३ साली. केरळमध्ये तर परिचारिका गावोगाव रोग्याच्या घरी जातात. आपण ज्या राज्यात असाल, तेथील कर्करोग रुग्णालयात या सेवेची चौकशी अवश्य करावी. थकवा एकाएकी वाढला, किंवा त्याबरोबर ताप, धाप, भ्रम वा पायांतील शक्ती गेल्यासारखे वाटले, तर वहीतील पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

आणि एक वेळ अशी येते की चालण्याचा आग्रहही सोडावयाचा असतो. अखेरच्या दिवसांत रोगी बहुतेक वेळ निजून असतो. तेव्हा त्याला उठवू नये, भरवू नये. ओल्या कापसाने ओठ टिपावेत, हलकेच कूस पालटावी, आणि उत्तराची अपेक्षा न ठेवता जवळ बसून घरातल्या रोजच्या गोष्टी बोलत राहाव्यात.