सारा, सावकार आणि शाहिरी

इंग्रजी अमलातल्या मराठी कवितेत गरिबी आली ती सारा, कर्ज, उपासमार आणि जात यांना धरूनच. त्यामुळे या कवितेचा रोख एकट्या गोऱ्या साहेबावर राहिला नाही. सावकार, कुलकर्णी, कचेरीतला कारकून आणि शिवाशिव पाळणारा शेजारीही तिच्या तडाख्यात सापडले.

रयतवारी पद्धतीत शेतसारा रोखीने भरावा लागे. पीक बुडाले तरी हप्ता सहसा टळत नसे आणि हातात रोकड नसली की सावकाराचा उंबरा झिजवावा लागे. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. पुढच्याच वर्षी दख्खनमध्ये मोठा दुष्काळ सुरू झाला. जोतीराव फुले या साऱ्याकडे जवळून पाहत होते. 'विद्याखात्यातील ब्राह्मण पंतोजी' हा त्यांचा पोवाडा १८६९ सालचा. शेतकरी पट्टी भरतो, त्या पैशावर शाळा चालतात आणि त्याचेच पोर शाळेबाहेर राहते, हा त्यांचा हिशेब रोखठोक आहे. त्यासाठी त्यांनी पोवाड्याचे आणि पुढे अभंगाच्या वळणाच्या 'अखंडां'चे माध्यम निवडले, कारण निरक्षर माणसाला पाठ होते ते गाणे. सावित्रीबाई फुले यांच्या 'काव्यफुले' (१८५४) या संग्रहात इंग्रजी शिक्षणाचे स्वागत आहे. ज्यांना पेशवाईत अक्षर शिवू दिले नव्हते, त्यांना परक्या राजवटीतही एक दार किलकिले झालेले दिसत होते. ही गुंतागुंत राष्ट्रीय बाण्याच्या कवितेत फारशी सापडत नाही.

केशवसुतांनी 'अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न' आणि 'मजुरावर उपासमारीची पाळी' या कविता १८८८-८९ च्या सुमारास लिहिल्या. मजुराची भूक मराठी काव्यात इतक्या थेटपणे आणण्याचे श्रेय त्यांचेच. ते स्वतः तुटपुंज्या पगाराचे शिक्षक होते. १९०५ मध्ये हुबळीला प्लेगने गेले. मात्र या कविता छापील पानावरच्या होत्या, आणि ज्या मजुराविषयी त्या लिहिल्या त्याला वाचता येत नव्हते.

छापील पानाबाहेरची कविता शोधायची तर संस्थानी मुलखात जावे लागते. धाराशिव जिल्ह्यातले ईट (ता. भूम) हे गाव निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, आणि निजाम इंग्रजांचा मांडलिक. पलीकडची बार्शी सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे इंग्रजी हद्दीत. हद्द ओलांडली की राज्य बदले, कर्ज बदलत नसे. संस्थानात कारभार उर्दूत चाले आणि १९१८ मध्ये स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचेच होते. त्यामुळे मराठी छापील कवितेला इथे वाव थोडा मिळाला. गरिबीचे बोलणे राहिले जात्यावरच्या ओवीत. पहाटे मूठमूठ दाणे जात्याच्या तोंडात टाकत, खुंटा ओढत बाई म्हणे ती ओवी दोन-तीन ओळींची, पण तिच्यात रिती कणगी, गहाण शेत आणि सासरचा जाच एकाच दमात येत. तिची नोंद कोणत्याही दप्तरात होत नव्हती, हे तिचे दुर्दैव खरे. पण त्याचमुळे तिला कुणाची भीडही नव्हती.

ओवीकडून रस्त्यावरच्या गाण्याकडे जाणारा दुवा बार्शीतच सापडतो. १९१६ मध्ये तिथे जन्मलेले महबूब हुसेन पटेल पुढे शाहीर अमर शेख झाले. लोकगीतांचे बाळकडू त्यांना आई मुनेरबी यांच्याकडून मिळाले. गिरणीत काम, संप आणि तुरुंग असा प्रवास करून ते मुंबईला पोचले. १९४४ मध्ये त्यांनी अण्णा भाऊ साठे आणि दत्ता गव्हाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभारले. डफ, तुणतुणे आणि पल्लेदार आवाज यांवर हजारोंची सभा बांधून ठेवणे ही अमर शेखांची खासियत. अण्णा भाऊंनी १९४३ च्या बंगालच्या दुष्काळावर 'बंगालची हाक' हा पोवाडा रचला. त्या दुष्काळात सुमारे तीस लाख माणसे मेली असे मानले जाते. युद्धकाळातली महागाई, साठेबाजी आणि सरकारी धोरणे ही त्याची मोठी कारणे होती. दूरच्या प्रांतातली भूक मुंबईतल्या परळ-लालबागच्या कामगाराला आपली वाटावी, एवढी ताकद त्या पोवाड्याच्या बाजात होती. त्याच काळात हैदराबादेत मखदूम मोहिउद्दीन उर्दूत श्रमिकांची कविता लिहीत होते. त्यांचा 'सुर्ख सवेरा' हा संग्रहही १९४४ चाच.

अमर शेखांचे 'कलश' (१९५८) आणि 'धरतीमाता' (१९६३) हे काव्यसंग्रह स्वातंत्र्यानंतरच छापले गेले. तोवर त्यांचे शब्द लोकांनी कानांनी वाचले होते.